टोसीच्या बनावट वायलचे १,३५,००० रुपये

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, दादासाठी टोसी (टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन) काळ्या बाजारातून घेतलं आणि ते बनावट निघालं. आज लिहितोय, कारण धंदा तोच आहे, फक्त औषध बदललंय. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या वायल (औषधाच्या काचेच्या छोट्या बाटल्या) गोळा करायच्या, त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध भरायचं आणि पुन्हा विकायच्या. ती बातमी वाचल्यावर गप्प बसवेना.

मी १८ वर्षं औषधांच्या काउंटरवर आहे. वायल, बॅच, कोल्ड चेन (औषध थंड ठेवून ने-आण करणं) हे माझं रोजचं काम. तरीही फसलो, याची लाज अजून जात नाही.

दादाचं ऑक्सिजन मास्कवर असूनही ८६ वर आलं होतं, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ११८. रात्री ११ वाजता हातात चिठ्ठी आली: 'टोसिलिझुमॅब ४०० मिग्रॅ, अर्जंट, बाहेरून आणा.' तेव्हा हे औषध कुठल्याच दुकानात नव्हतं. आयात कमी, मागणी अफाट, आणि जो थोडा साठा येई त्याचं वाटप सरकारकडून थेट रुग्णालयांना. म्हणजे ते नातेवाइकाच्या हातात येण्याचा सरळ रस्ताच नव्हता. हे मला माहीत होतं. पण चिठ्ठी हातात असताना 'नाही मिळालं' असं वहिनीला कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्यांनी ते दिवस रुग्णालयाच्या पायरीवर काढलेत त्यांनीच मला शहाणपण शिकवावं.

चाळीस हजारांच्या आसपास एमआरपी असलेली ४०० मिग्रॅची वायल काळ्या बाजारातला एक माणूस १,३५,००० ला देणार होता. ५,००० 'बुकिंग', नंतर ८०,००० यूपीआयने, आणि ५०,००० रोख माल हातात देताना. यूपीआयवर नाव आलं ते त्याचं नव्हतं. 'स्टॉकिस्टचं खातं आहे' म्हणाला. बिल मागितलं तर 'एवढ्या रात्री बिल कुठून आणू?' जो बिल देत नाही त्याच्याकडून क्रोसिनसुद्धा घेऊ नये, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

आता तो क्षण, ज्याच्यासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही. पार्किंगमध्ये थर्माकोलच्या डब्यातून त्याने खोकं काढलं. मोबाइलच्या उजेडात बॅच नंबर वाचला, मग वायलवरचा वाचला. शेवटचे दोन आकडे जुळत नव्हते. खोक्याचा आणि वायलचा बॅच नंबर वेगळा निघाला की माल परत करायचा, यात चर्चा नसते. तो म्हणाला, 'इम्पोर्टेड आहे, रिपॅकिंगमध्ये होतं असं.' असं काही होत नाही. मला ते माहीत होतं. तरी मी ५०,००० मोजून दिले.

दुसरी खूण वॉर्डात दिसली. वायलवरची प्लास्टिकची टोपी अंगठ्याने उचलताना खट्कन तुटून निघाली पाहिजे. ही सैल निघाली, आणि खाली ॲल्युमिनियमच्या कड्यावर वाळलेल्या गोंदाची पिवळट रेघ होती. रबरी बुचाच्या मध्यभागी सुईचं एक बारीक छिद्र आधीच होतं. सिस्टरने पीपीई किटमध्ये, धुरकट गॉगलमधून बघून इंजेक्शन भरलं. तिला दोष देत नाही. दार बंद होईपर्यंत तिथे मीच उभा होतो.

वायल बर्फाला चिकटूनच आणली होती, हेही सांगतो. टोसी २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. ही अँटिबॉडी म्हणजे प्रथिन आहे, गोठलं की त्याची घडी मोडते. जेल पॅक आणि वायल यांच्यात पुठ्ठा किंवा कापड हवंच. खरी वायलसुद्धा अशी आणली असती तर वाया गेली असती. देण्याची पद्धत अशी: १०० मिली सलाइनमधून २० मिली काढून टाकायचं, तेवढंच औषध घालायचं, पिशवी हळू उलटीपालटी करायची, घुसळायची नाही, आणि एका तासात सोडायचं.

बनावट असल्याचं शेवटी सीआरपीने सांगितलं. आयएल-६ हा शरीरात सूज वाढवणारा संदेश. टोसी त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची तो संदेश घेणारी जागा, अडवतं, आणि यकृत सीआरपी बनवतं ते याच आयएल-६ च्या इशाऱ्यावर. म्हणून औषध खरं असेल तर दोन-तीन दिवसांत सीआरपी धाडकन खाली येतो. (त्यानंतर नवा जंतुसंसर्ग झाला तरी तो चढत नाही, त्यामुळे सीआरपी कमी म्हणून निर्धास्त राहू नका.) दादाचा ४८ तासांनी १३१ होता. त्या वायलमध्ये काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. त्याच महिन्यात बारामतीत रेमडेसिविरच्या रिकाम्या वायलमध्ये पॅरासिटामॉलचं द्रव भरून विकणारे पकडले गेले होते. आमच्यात काय भरलं होतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं त्याचा फायदा किती? ब्रिटनमध्ये कोविडवरची औषधं तपासणाऱ्या 'रिकव्हरी' चाचणीत टोसीसाठी चार हजारांवर रुग्ण होते. टोसीशिवाय शंभरातले ३५ दगावले, टोसी देऊन ३१. फायदा खरा आहे, पण शंभरात चौघांचा, आणि तोही ऑक्सिजन ९२ च्या खाली असलेल्या किंवा ऑक्सिजन लावलेल्या, आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांत. त्यातल्या बहुतेकांना स्टिरॉइड चालूच होतं. त्याच चाचणीने २०२० मध्ये दाखवलं होतं की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त दहा दिवस, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करतं. काही रुपयांचं औषध. दादा त्याच्यावर आणि ऑक्सिजनवर बरा झाला. 'हे मिळालं नाही तर पेशंट जाईल' असं कुणी म्हणालं की आधी विचारा: किती टक्के फरक, आणि आत्ता काय चालू आहे?

तक्रारीचं काय झालं ते वाचा. चौकीत पहिलं वाक्य: 'तुम्हीही ब्लॅकने घेतलंत, गुन्हा तुमच्यावरही होईल.' अर्ज घेतला, एफआयआर नाही. पैसे परराज्यातल्या खात्यात, माल दुसऱ्या हद्दीत, म्हणून तीन ठिकाणी पाठवलं, आणि तिन्हीकडे तेच कागद झेरॉक्स करून दिले. औषध खात्याच्या साहेबांनी वायल हातातसुद्धा घेतली नाही. 'उघडलेली आहे, नमुना म्हणून चालत नाही' म्हणाले. बँकेने सांगितलं खातं रिकामं आहे, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले बँकेचं पत्र आणा. रुग्णालयाने हात वर केले, 'औषध तुम्ही आणलंत.' चिठ्ठी कुणी लिहिली होती? 'बाहेरून आणा' कुणी लिहिलं होतं? एका माणसानेही सांगितलं नाही की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ खाली विकत घेणारा स्वतः फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो. ते मी नंतर स्वतः वाचून काढलं, तोवर वायलमधला उरलासुरला थेंबही वाळला होता.

पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, चौकीची वाट बघू नका. खोकं, वायल, बूच, सगळ्यांचे फोटो इंजेक्शन देण्याआधी काढा. औषधाच्या पॅकवरच्या क्यूआर कोडवर विसंबू नका. ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे, पण ठरावीक ३०० ब्रँडनाच. बॅच नंबर कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा, रात्र असेल तर सकाळपर्यंत थांबा. औषध रुग्णालयाच्याच फार्मसीतून, बिलावर बॅच नंबर लिहून घ्या.

वॉर्डातल्या लोकांना हात जोडून विनंती: महागडी वायल रिकामी झाली की नातेवाइकांसमोर लेबलवर मार्करने काट मारा आणि खोकं फाडा. आमच्या वायलचं लेबल खरं होतं, काचही खरी होती. ती कुठल्यातरी वॉर्डाच्या कचऱ्यातूनच त्या माणसाच्या हाती लागली होती.