प्रबंधासाठी काय घ्यावं: अणुसुरक्षा करार, आयआरआरएस की कँडू गट?

बडोद्यात कायदा, भौतिकशास्त्र किंवा लोकप्रशासन शिकणारी आपली मुलं प्रबंधाचा विषय शोधता शोधता काक्रापारपाशी येऊन थांबतात. साहजिक आहे. तापी जिल्ह्यातलं हे अणुवीज केंद्र आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर आहे. केंद्रावर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची. पण एईआरबीचं काम बरोबर चाललंय की नाही, हे बाहेरचं कोण पाहतं? इतर देशांचे नियामक पाहतात, आणि त्याचे मुख्य रस्ते तीन. माझं मत आधीच सांगून टाकतो: हाताशी एकच सत्र असेल, तर आयआरआरएस, म्हणजे बाहेरच्या पथकाने नियामकाचा घेतलेला आढावा, हा विषय घ्या.

अणुसुरक्षा करार सर्वांत प्रसिद्ध. चेर्नोबिलनंतर वाटाघाटी झाल्या, 1994 मध्ये व्हिएन्नात करार मंजूर झाला आणि 1996 पासून तो लागू आहे. भारत 2005 मध्ये त्यात आला. साधारण दर तीन वर्षांनी प्रत्येक देश आपला अहवाल देतो, बाकीचे देश तो वाचून लेखी प्रश्न पाठवतात आणि मग समोरासमोर बैठक होते. कोविडमुळे 2020 ची बैठक लांबली आणि 2023 मध्ये आठवी व नववी एकत्रच भरली. दंड वगैरे काही नाही. बरोबरीच्या लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं, एवढाच धाक. भारताचे अहवाल एकापाठोपाठ एक लावून वाचले की फुकुशिमानंतर काय करू म्हटलं होतं आणि पुढे काय झालं, याचा माग काढता येतो. मात्र अहवाल देश स्वतःच लिहितो, हे विसरून चालणार नाही. शिवाय करार जमिनीवरच्या नागरी अणुवीज केंद्रांपुरताच आहे. रावपुऱ्यातलं सीटी स्कॅन सेंटर त्याच्या कक्षेत येत नाही.

आयआरआरएसमध्ये पाहुणे घरी येतात. देशाने बोलावलं की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था इतर देशांतल्या नियामकांचं पथक पाठवते. पथक नियामकाचे अधिकारी, नियम, परवाने, तपासण्या सगळं संस्थेच्या सुरक्षा मानकांशी ताडून पाहतं. गल्लत एकाच ठिकाणी होते. केंद्राचा कारभार पाहणारं पथक वेगळं, त्याला ओसार्ट म्हणतात. राजस्थानच्या केंद्रात ते 2012 मध्ये येऊन गेलं. आयआरआरएस तपासणाऱ्यालाच तपासते.

भारतात हे पथक मार्च 2015 मध्ये आलं. त्याची सर्वांत महत्त्वाची शिफारस अशी की एईआरबीचं स्वातंत्र्य कायद्यात लिहून ठेवा. मंडळ 1983 मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालं होतं. स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक 2011 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण 2014 मध्ये सभागृह विसर्जित होताच ते बारगळलं. शिफारशींचं काय केलंत, हे पाहायला 2022 मध्ये पुन्हा पथक आलं आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. दर्जा मिळाल्याने स्वातंत्र्य किती मिळालं, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण मंडळाने कडक निर्णय घेतला तर त्याच्या पाठीशी काय असतं, ते त्यावरच ठरतं. कायदा शिकणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगला विषय मला तरी दिसत नाही.

भौतिकशास्त्रवाल्यांनी मात्र कँडू गटाचा विचार जरूर करावा. जड पाण्याच्या (नेहमीपेक्षा जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या), प्रेशर ट्यूबवाल्या, म्हणजे इंधन आणि शीतक पाणी दाबाखालच्या नळ्यांत असलेल्या, अणुभट्ट्या ज्यांच्याकडे आहेत त्या देशांचे वरिष्ठ नियामक इथे भेटतात: कॅनडा, रोमेनिया, अर्जेंटिना, दक्षिण कोरिया, चीन, भारत आणि पाकिस्तानही. बोलणं थेट धातू, वेल्डिंग आणि गळतीबद्दल.

याचं महत्त्व काक्रापारमध्येच दिसतं. 11 मार्च 2016 ला पहिल्या युनिटमध्ये शीतक जड पाण्याची गळती होऊन भट्टी बंद करावी लागली; त्याआधी जुलै 2015 मध्ये दुसऱ्या युनिटमध्येही गळती झाली होती. 220 मेगावॉटच्या अशा भट्टीत 306 प्रेशर ट्यूब असतात. प्रत्येक ट्यूबभोवती दुसरी नळी आणि दोन्हींच्या फटीत कार्बन डायऑक्साइड वायू खेळवलेला. ट्यूब झिरपू लागली तर या वायूत दमटपणा येतो आणि आधीच इशारा मिळतो. इथे त्याच वायूतल्या अशुद्धीमुळे ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला जागोजागी गंज चढला होता. तशीच नळी वापरणाऱ्या दुसऱ्या देशातल्या तपासनिसाला हे वेळेत कळणं किती गरजेचं आहे! मार्च 2015 मधल्या आयआरआरएस पथकाला हे सापडायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण नळ्या तपासणं त्याचं कामच नव्हतं. या गटाची अडचण म्हणजे कागद. करार आणि आयआरआरएसचे अहवाल संकेतस्थळांवर मिळतात, गटातल्या चर्चेचं फारच थोडं बाहेर येतं. मार्गदर्शकांची मंडळात ओळख नसेल, तर मुख्य विषय म्हणून तो घेऊ नका. एखादं प्रकरण ठेवा.

किरणोत्सर्गापासून संरक्षण हाच विषय हवा असेल, तर या तिन्हींपैकी एकही पुरणार नाही. फ्रान्समध्ये 2008 मध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ सापडला. बटणांचं पोलाद भारतातून गेलेलं. तिथल्या नियामकाने बोभाटा केला आणि इथे एईआरबीला भंगार व ओतकामाच्या साखळीत शोध घ्यावा लागला. जुनी जहाजं मोडणारं अलंग आपल्याच राज्यात आहे, भंगाराचा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. त्या वाटेने जायचं तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या किरणोत्सारी स्रोतांबाबतच्या आचारसंहितेपासून सुरुवात करा. ती बंधनकारक नाही, म्हणून देशोदेशीच्या अंमलबजावणीत बराच फरक सापडेल.

आयआरआरएस पक्कं केलंत, तर एईआरबीच्या संकेतस्थळावरचा 2015 चा अहवाल काढा आणि प्रस्तावनेत न रेंगाळता सरकारच्या जबाबदाऱ्यांवरचं पहिलं प्रकरण आधी वाचा. स्वातंत्र्याबद्दलची शिफारस तिथेच आहे. तिच्या शेजारी नव्या कायद्यातली मंडळाबद्दलची कलमं ठेवलीत की प्रबंधाचा पहिला आराखडा तयार होतो.