जुन्या ग्लायडरचं रिफिनिश: काम झकास, बिल बघून घाम

माझं फायबरग्लासचं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) चाळिशी पार केलेलं, पंखांवरच्या जेलकोटला, म्हणजे वरच्या कडक गुळगुळीत थराला, केसासारख्या बारीक चिरा, नख फिरवलं की लागायच्या. ऊन, ओल आणि वर उंचीवरची थंडी, तिघांनी मिळून वाट लावली होती. शेवटी एका वर्कशॉपला दिलं.

आता लोकांना वाटतं रंग महाग असेल, पण नाही हो, खरा खर्च घासण्याचा. जुना जेलकोट पूर्ण काढायचा, खालच्या काचेच्या धाग्यांना धक्का न लावता, आणि पंखाचा आकार तसाच ठेवून. मशीन जोरात लावलं की संपलं, म्हणून बरंचसं काम लांब ठोकळ्याला पॉलिशपेपर लावून हातानेच, आधी ८० नंबरचा खरखरीत, मग बारीक बारीक करत १०००च्या पुढे. शेकडो तास जातात राव! एकदा मी पण तासभर घासून बघितलं, दुसऱ्या दिवशी खांदा वर होईना.

परत जेलकोट की पॉलीयुरेथेन रंग? मी पॉलीयुरेथेन घेतला, त्याला चिरा कमी पडतात. रंग पांढराच, उन्हात तापून धागे धरून ठेवणारं रेझिन मऊ पडायला नको.

आवडलेली गोष्ट म्हणजे एलेरॉन, रडर (पंखाचे आणि शेपटीचे हलते भाग) रंगवल्यावर परत वजन करून बॅलन्स तपासला, तिथे वजन वाढलं तर वेगात फडफड सुरू होऊ शकते, जिवाशी खेळ. पूर्ण ग्लायडरचंही वजन आणि सीजी (गुरुत्वमध्य) नव्याने काढून दिलं.

तक्रार एकच, तारीख तीनदा पुढे ढकलली आणि फोन मीच करायचा. अख्खा सीझन जमिनीवर गेला.