पॉइंट सेट करताना: फीलर गेज की ड्वेल मीटर?

जुन्या अँबॅसेडरचं बी-सिरीज इंजिन, लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग). पॉइंट म्हणजे त्यातले कॅमने उघडझाप होणारे संपर्क. पॉइंट नवे असतील तर फीलर गेज (ठरावीक जाडीची मोजपट्टी) पुरते: कॅमच्या टोकावर पॉइंट पूर्ण उघडे असताना त्यांच्यामधून ०.०१५ इंचाची पट्टी हलकी घासत सरकली की झालं.

वापरलेल्या पॉइंटवर मात्र एका बाजूला धातूचा बारीक उंचवटा येतो. पट्टी त्यावरच टेकते, म्हणून खरा गॅप जास्त राहतो आणि ड्वेल (पॉइंट बंद असतानाचा कॅमच्या फिरण्याचा कोन) घटतो. इथे मी ड्वेल मीटरवरच विसंबतो. चालू इंजिनवर ६० अंश, तीनेक इकडेतिकडे चालतील. शिवाय रेस केल्यावर काटा बराच सरकला, तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश (तो ज्यात फिरतो ती नळी) झिजलंय हेही कळतं; पट्टीला ते कधीच कळत नाही. ड्वेल बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) हलतं, ते नंतरच लावा.