‘फोन करत नाही, तुम्ही नुसतं लिहा’: कर्णबधिरांनो, या मेसेजपासून सांभाळा

मी कर्णबधिर आहे. श्रवणयंत्र आणि समोरच्याचे ओठ, या दोन्हींवर माझं संभाषण चालतं. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महामारी असल्याचं जाहीर केलं आणि बघता बघता सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले. मास्क हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझं निम्मं ऐकणं तिथेच संपलं. छापखान्यातलं काम बंद पडलं. यंत्राचे सेल मात्र लागतच होते. हे झिंक-एअर सेल, म्हणजे हवा लागली की चालू होणारे. वरचा स्टिकर एकदा काढला की यंत्र बंद ठेवलं तरी सेल हळूहळू उतरत जातो, म्हणजे काटकसरीलाही फार वाव नाही.

कार्यालयं बंद, हेल्पलाइन फक्त बोलणाऱ्यांसाठी. अशात मेसेज आला, ‘दिव्यांगांसाठी विशेष साहाय्य मंजूर’. माझं पूर्ण नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, अपंगत्वाची टक्केवारी, सगळं बरोबर. खाली लिहिलेलं, ‘ताई, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून फोन करत नाही. तुम्ही नुसतं लिहा.’ तोवर एकाही खऱ्या कार्यालयाने माझी ही सोय पाहिली नव्हती. ती एका भामट्याने पाहिली, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे.

आधी ‘परत मिळणारी’ नोंदणी फी. मग खात्याची पडताळणी म्हणून एक ॲप. ते सुरू असताना बँकेचा ओटीपी आला. मी तो कोणालाही सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. त्या ॲपमधून माझी स्क्रीन पलीकडे जशीच्या तशी दिसत होती. काही वेळातच खातं रिकामं झालं.

बँकेच्या तक्रार क्रमांकावर शेजारच्या काकू माझ्या वतीने बोलत होत्या, तर तिकडून एकच हेका, ‘खातेदारालाच बोलू द्या.’ खातं गोठवायला उशीर झाला तो या हुज्जतीत. आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळण्याचा समान हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात, कलम 12 मध्ये लिहिलेला आहे. पण तक्रार लिहून घ्यायची सोय नसेल तर तो हक्क वापरायचा कसा?

म्हणून बँकेकडे लेखी तक्रारीचा मार्ग कोणता, हे आजच विचारून ठेवा. प्रमाणपत्राचा फोटो द्यावाच लागला तर क्रमांक झाका आणि फोटोवर आडवं लिहा, ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख. मदत मागताना अनेकांनी ग्रुपवर असे फोटो उघडे टाकले होते. माझी माहिती बहुधा तिथूनच गेली. आणि कोणीही स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं तर तिथेच थांबा.

आणखी एक. फसवणुकीबद्दल लिहिलं की ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे येतात. माझ्याकडेही असा एक आला. त्यानेही आधी फीच मागितली.