कोकणातली, कमी चाललेली गाडी

माझ्याकडे १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर, ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार आहे, म्हणून गाड्यांतलं आपल्याला कळतं असा माज. तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मुळात ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीची, आणि हेराल्ड मद्रासला बनायची, त्यामुळे काही पार्ट अजून शोधून मिळतात. पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तिचं पाणी उकळतं, आणि पावसात हुडातून धार थेट मांडीवर. ऑफिसला जायला बिनकटकटीची गाडी हवी होती.

वाशीच्या एका एजंटाकडे पेट्रोल सेडान दिसली. २०१७ची, एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, मीटर ३८,०००. "कोकणातली गाडी साहेब, डॉक्टरांची. घर ते दवाखाना." मी इंजिनला कान लावला. जोडीचे कार्बोरेटर कानाने जुळवणारा माणूस मी! आवाज एकदम साफ. बायको म्हणाली, "आत वास कसला येतोय?" एसी महिनाभर बंद होता म्हणे. मीही तिलाच समजावलं आणि पावणेचार लाख मोजले.

जूनमध्ये एअरबॅगचा दिवा लागला, मग खिडक्या अडकल्या, मग माजिवड्याच्या पुलावर गाडीच बंद. मेकॅनिकने काही न बोलता सीटबेल्ट पार टोकापर्यंत ओढला. शेवटी मातकट रेघ. स्टेपनीखाली गाळ, सीटच्या रुळांना गंज. "पाण्यात गेलेली गाडी आहे ही." इंजिन खोलून धुता येतं, वायरिंगचे जोड मात्र आतून सडत राहतात आणि काही महिन्यांनी बोंबलतात. ते माझ्या कानाला काय ऐकू येणार!

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर दिला. शेवटची नोंद जून २०२१, ६१,००० किलोमीटर. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. टोटल लॉस झालेल्या, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशा गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. लपवाछपवी पुढच्या हातात सुरू होते. मला दाखवलेली पॉलिसी २०२२ची होती. आधीची मी मागितलीच नाही. वाहन पोर्टलवर बँकेचा बोजा नाही, एवढं बघून खूश!

एजंटाचा फोन बंद आहे. निम्मे पैसे रोख, बिनपावतीचे. पोलिसांत अर्ज दिलाय, बघू.

तुम्ही जुनी गाडी बघायला जाल तर टोकन देण्याआधी सर्व्हिसच्या नोंदी काढा, सीटबेल्ट ओढा, पायाखालचं मॅटिंग उचला. एजंट "कशाला साहेब" म्हणाला, की तिथूनच वळा.

मॅटिंग गच्चीवर वाळत घातलं होतं. झाडलं तर अर्धी बादली सुकी माती निघाली. आई विचारत होती, तुळशीत घालू का ही?