नोकरी सांभाळून दुसऱ्यांदा विधी सीईटी: एका सराव परीक्षा मालिकेचा अनुभव

सहकारी बँकेत पूर्णवेळ नोकरी करत असताना तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दुसऱ्यांदा देण्याचे ठरवले, तेव्हा पुन्हा शिकवणी लावण्याऐवजी मी १,५०० रुपयांची एक ऑनलाइन सराव परीक्षा मालिका घेतली. शिकवणीचे वर्ग संध्याकाळी सहाला सुरू होत आणि त्या वेळी माझी रोख जुळवायची बाकी असे. शिवाय पहिल्या खेपेला माझे गुण गेले ते विषय न कळल्यामुळे नव्हे, तर वेळ न पुरल्यामुळे. दोन तासांत १२० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणे नाही, अशा परीक्षेत मी चौदा प्रश्नांना हातच लावला नव्हता. नुसते डोळे मिटून पर्याय निवडले असते, तरी दोन-तीन गुण पदरात पडले असते!

या दुखण्यावर मालिकेतील विश्लेषणाचे पान खरोखर उपयोगी पडले. प्रत्येक प्रश्नावर किती सेकंद गेले, हे त्यात दिसते. तिसऱ्या चाचणीनंतर कळले की इंग्रजीच्या चाळीस प्रश्नांना माझी बावन्न मिनिटे गेली होती आणि गोल टेबलाभोवती आठ माणसे बसवण्याच्या एकाच कोड्याने सात मिनिटे खाल्ली होती, तर सामान्य ज्ञानाचे बत्तीस प्रश्न अकरा मिनिटांत उरकले होते, कारण तिथे येते ते येते आणि न येणारे विचार करून सुचत नाही. तेव्हापासून मी सामान्य ज्ञान आधी, मग कायदा, मग इंग्रजी आणि शेवटी तर्क असा क्रम लावला, आणि सातव्या चाचणीपासून एकही प्रश्न कोरा राहिला नाही. चोवीस प्रश्नांच्या विभागवार चाचण्या डोंबिवली ते दादर या प्रवासात, बसायला मिळाल्यास, आरामात होतात. मध्येच शाखेतून फोन आला तरी घड्याळ थांबत नाही, याबद्दल काहींची तक्रार असेल. मला ते योग्यच वाटले.

मजकुराबाबत मात्र हयगय झाली आहे. सीईटी मराठीतूनही देता येते म्हणून मी मराठी आवृत्ती निवडली, तर कराराच्या प्रश्नात ‘प्रतिफल’ (करारातील मोबदला) असायला हवे तिथे ‘विचार’ छापलेले: ‘विचाराशिवाय केलेला करार वैध आहे काय?’ ‘कन्सिडरेशन’ या इंग्रजी शब्दाचे यंत्राने केलेले हे भाषांतर कोणीही नजरेखालून घातलेले नाही, हे उघड आहे. दुसऱ्या एका प्रश्नात खुनाच्या शिक्षेचे कलम विचारून ३०२ हे उत्तर बरोबर धरले होते. हे कलम जुन्या भारतीय दंड संहितेतले; तिच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असून तिच्यात ही शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. मी कळवल्यावर आठवड्याभरात उत्तर दुरुस्त झाले, परंतु हाच प्रश्न अकराव्या चाचणीत पुन्हा आला, तो जुन्याच उत्तरासह.

जाहिरातीतील ‘नोकरी न सोडता वकील व्हा’ हे वाक्यही मला पटले नाही. प्रवेशपरीक्षेची तयारी नोकरी सांभाळून होते, हे मी स्वतः करून पाहिले आहे. पण कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमानुसार सत्रपरीक्षेला बसण्यासाठी ७० टक्के हजेरी लागते, आणि ती दिवसा ठाण मांडून काम करणाऱ्याने कशी भरावी, याबद्दल विक्रेते अवाक्षर काढत नाहीत.

कायद्याचे प्राथमिक ज्ञान ज्यांना नव्याने मिळवायचे आहे, त्यांनी ही मालिका घेऊ नये. ज्यांची तयारी झालेली आहे आणि घड्याळाशीच झुंज आहे, त्यांनी घ्यावी, मात्र शक्य तर इंग्रजी आवृत्ती. खरेदी करताना मुदतही पाहावी: माझी सहा महिन्यांची मुदत परीक्षेआधी तीन आठवडे संपत होती. मार्चअखेरच्या कामामुळे चार चाचण्या उरल्या आहेत असे मी लिहिले, तेव्हा त्यांनी जादा पैसे न घेता महिना वाढवून दिला.