मालवणातलं जुन्या वस्तूंचं दुकान, ड्रॅगनच्या प्लेटसाठी तरी जाच

बाजारपेठेतल्या आतल्या गल्लीत आहे. निळी-पांढरी प्लेट घेतली आणि जाम खूश आहे. मधोमध ड्रॅगन, जबडा उघडा, समोर ज्वाळांचा मोती, आणि कडेने कमळाची वेल अशी फिरलीय की एक फूल संपतं तिथूनच पुढचा देठ निघतो, जोड कुठे सापडतच नाही!! पंजाच्या नख्या मोजा, पाच आहेत, पाच नख्यांचा ड्रॅगन म्हणजे खास चीनच्या बादशहाचा.

तळाला चीनच्या मिंग घराण्यातल्या शुआन्दे बादशहाचा सहा अक्षरी शिक्का आहे, म्हणजे १४२६ ते १४३५, पण दुकानवाल्या काकांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं की ही अलीकडची नक्कल आहे, आणि भावही नकलेचाच लावला. हे फार आवडलं, कारण जुन्या राजवटीचे शिक्के नंतरच्या मालावर चीनमध्येही सर्रास टाकलेत, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर पैसे मोजू नका. खऱ्या शुआन्दे मालात कोबाल्टचा निळा रंग जागोजागी दाटून काळसर ठिपके पडतात, इथे ते ब्रश टेकवून मुद्दाम काढलेत, भिंगातून स्पष्ट दिसतं. नक्षी ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, खाली आहे, बोटाला अजिबात लागत नाही.

पिओनी फुलांची बरणी मात्र घेऊ नका, पाकळ्या छापील आहेत. पॅकिंग नुसतं पेपरात करतात, एसटीने जाणार असाल तर जाड टॉवेल सोबत ठेवा. दुपारी बंद असतं, संध्याकाळी जा.